परचुऱ्यांचा लेझरचा डोळा

दिगंबर परचुऱ्यांचा माणसांवर विश्वास नव्हता असं नाही, पण यंत्रांवर जरा जास्त होता. नारळ खवायचं विजेवरचं यंत्र, पोळ्या लाटायचं यंत्र, पाय दाबायचं यंत्र आणि नुसतं सांगितलं की दिवा लावणारी डबी, हे सगळं शनिवार पेठेत सर्वांत आधी परचुऱ्यांकडे आलं. पोळ्यांच्या यंत्रातून निघालेली पहिली पोळी त्यांच्या पत्नीने, श्यामलाताईंनी, शेजाऱ्यांना दाखवायला म्हणून झाकून ठेवली होती. दुसरी निघालीच नाही.

उभी नोकरी त्यांनी वीज मंडळात मीटर तपासण्यात घालवली. "मीटर खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी मन्सूरभाईंनाही ऐकवलं होतं, मन्सूरभाईंच्याच गादीच्या दुकानात उभं राहून. दुकानाचं मीटर पळतंय अशी मन्सूरभाईंची तक्रार होती. परचुऱ्यांनी ते तपासलं आणि बरोबर ठरवलं. मन्सूरभाईंनी तो निकाल आजतागायत मान्य केलेला नाही. पण त्या भांडणात चहा झाला, चहातून ओळख वाढली आणि दोघं निवृत्त झाल्यावर तर रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जाऊ लागले. दुकान मन्सूरभाईंचा मुलगा बघायचा, आणि तो नीट बघत नाही हे बघायला मन्सूरभाई सकाळी जाऊन यायचे.

गेली दोन वर्षं परचुऱ्यांच्या घरात कपड्यांवरून धुसफुस चालली होती. परचुऱ्यांच्या मते त्यांचे सगळे पांढरे शर्ट पिवळट पडले होते. आधी त्यांनी साबणाच्या पावडरीला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला, शेवटी वॉशिंग मशीनला. मशीन बदललं. नवीन मशीनला बटणंच नव्हती, नुसती काच होती, त्यामुळे चार दिवस आनंदात गेले. पाचव्या दिवशी शर्ट पुन्हा पिवळाच.

"पावडर बदलून झाली, मशीन बदलून झालं," श्यामलाताई म्हणाल्या. "आता बायको तेवढी राहिली."

खरा प्रकार उघडकीला आला तो एका लग्नात. परचुऱ्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं, राजसचं, लग्न होतं. कार्यालयात खाली एक आणि वर एक अशी दोन लग्नं होती. श्यामलाताई गुडघेदुखीमुळे घरीच राहिल्या होत्या. दाराशी फुलांच्या कमानीवर नावं लिहिलेली होती, ती परचुऱ्यांनी वाचल्यासारखी केली आणि खालच्या हॉलमध्ये शिरले. नवऱ्यामुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला, आहेराचं पाकीट दिलं, "अगदी वडिलांच्या वळणावर गेलास रे," असंही म्हणाले. मग पंगतीला बसून मठ्ठ्याची स्तुती केली. राजसचे वडील वरच्या मजल्यावर त्यांची वाट बघत होते. खाली सलिल नावाच्या मुलाचं लग्न होतं, आणि त्याच्या वडिलांना हे गृहस्थ मुलीकडचे कुणी ज्येष्ठ असावेत असं वाटल्यामुळे त्यांनी आग्रह करकरून जिलबी वाढवली होती.

ही गोष्ट घरी कळल्यावर श्यामलाताईंनी फक्त एवढंच विचारलं, "जिलबी तरी बरी होती का?" आणि वाकडला राहणाऱ्या मुलाला, आमोदला, फोन लावला.

आमोदने रविवार वाया जाऊ दिला, पण सोमवारी अर्धी सुट्टी टाकून वडिलांना डॉक्टर पूर्वा यांच्याकडे नेलं. मन्सूरभाईही बरोबर आले, कारण त्यांनाही हल्ली समोरून येणारा माणूस देणेकरी आहे की घेणेकरी हे लांबून कळत नव्हतं.

डॉक्टर पूर्वा चाळिशीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी दोघांचे डोळे तपासले आणि दोघांनाही मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. परचुऱ्यांच्या उजव्या डोळ्यातला जास्त पिकला होता.

"लेझरने करायचंय," परचुरे ताबडतोब म्हणाले. जणू हॉटेलात ऑर्डर देत होते.

"करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधी समजून घ्या. तुमच्या डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय, ते काढून नवीन बसवायचं. हाताने करताना छेद मी पात्याने घेते आणि भिंगावरच्या पापुद्र्याला गोल खिडकी चिमट्याने पाडते. लेझरमध्ये ही कामं मशीन करतं, भिंगाचे तुकडेही पाडून देतं. त्यापुढचं, म्हणजे तुकडे शोषून काढणं आणि नवीन भिंग बसवणं, दोन्हीकडे मीच करते."

परचुऱ्यांचा चेहरा पडला. "म्हणजे हात तुमचा आहेच?"

"हात माझा आहेच. तो नको असेल तर मला सांगा, मी घरी जाते."

"तसं नाही हो. पण मशीनची खिडकी जास्त गोल होत असेल ना?"

"होते."

"बघा!" परचुरे आमोदकडे वळले.

"पण त्या खिडकीतून बघणार तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुम्हाला तो फरक दिसणार नाही. काही डोळ्यांना लेझरचा उपयोग होतो. तुमच्यासारख्या बहुतेकांना दोन्हीने सारखंच दिसतं."

आता आमोदने तोंड घातलं. तो हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. "बाबा, मी रोज मशीनला काय करायचं ते सांगतो, आणि मशीन रोज भलतंच करतं. माझं ऐकाल तर सरळ हाताने करून घ्या."

"तुझं मशीन तसलं असेल," परचुरे म्हणाले.

मन्सूरभाईंचं मात्र ठरलं होतं. "डॉक्टरबाई, माझं हातानेच करा. ह्यांच्या वीज मंडळाचा काय भरवसा? मध्येच लाइट गेली म्हणजे अर्धा मोतीबिंदू कापलेला, अर्धा तसाच."

"हाताने करतानाही मशीन लागतं, आणि इथे बॅटरी आहे, जनरेटर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"असू दे. तरी हातानेच."

परचुरे मनातून फार दुखावले. उभ्या नोकरीचा असा अपमान त्यांनी थकबाकीदारांच्या तोंडूनही ऐकला नव्हता. परत येताना रिक्षातच पैज लागली. महिन्याभराने ज्याला चांगलं दिसेल तो जिंकला, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला जोडीने जेवायला न्यायचं. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडे, एक यंत्राने आणि एक हाताने. आमोदने पुढच्या सीटवर रिक्षावाल्याशेजारी बसून कपाळाला हात लावला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी परचुरे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्या मते तो बदामी होता. डोळ्यात थेंब घालघालून बाहुली मोठी केली, भूल दिली तीही थेंबांचीच, आणि त्यांना लेझरच्या खोलीत नेऊन आडवं केलं. वर ते यंत्र होतं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, मंद गुणगुणणारं. परचुऱ्यांना भरून आलं.

"काका, आता डोळ्यावर एक कडं बसेल," डॉक्टर म्हणाल्या. "ते डोळा धरून ठेवेल. थोडा दाब वाटेल. हलायचं नाही आणि बोलायचं नाही. अगदी थोडा वेळ."

कडं बसलं. दाब आला. सगळं अंधुक झालं.

"किती वॅटचं आहे हो हे?" परचुऱ्यांनी विचारलं.

प्रश्नाबरोबर हनुवटी हलली, हनुवटीबरोबर डोकं, आणि कडं फट्‌कन सुटलं. यंत्राने एक बारीकसा नाराजीचा आवाज काढला.

"काका, बोलायचं नाही."

"चुकलं. आता नाही."

पुन्हा कडं बसलं. या वेळी परचुरे खरोखर गप्प राहिले, निदान यंत्राची गुणगुण बदलेपर्यंत. गुणगुण बदलली म्हणजे आता भार वाढला, हे त्यांच्या सगळ्या आयुष्याने त्यांना शिकवलं होतं. "थ्री फेज असणार!" ते समाधानाने म्हणाले, आणि कडं पुन्हा सुटलं.

डॉक्टरांनी कडं बाजूला ठेवलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "काका, मशीन चांगलं आहे. पण तुम्ही त्याला काम करू देत नाही. तुमच्या डोळ्याला आणखी ओढाताण नको. लेझरने अजून काही कापलेलं नाही, तेव्हा पलीकडे चला, मी हाताने करते."

पलीकडच्या टेबलावर परचुऱ्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. आता थोडं बोलायला तशी हरकत नव्हती, पण बोलण्यासारखंच काही उरलं नव्हतं. डोळ्यासमोर गुलाबी, निळे, पाण्यात हलल्यासारखे उजेड दिसत होते आणि डॉक्टर मधूनमधून "छान, छान" म्हणत होत्या. ते छान परचुऱ्यांना उद्देशून होतं की भिंगाला, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांचं रुसून व्हायच्या आत काम झालंसुद्धा.

बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पारदर्शक झाकण होतं. बाकावर मन्सूरभाई हिरवा झगा घालून आपल्या पाळीची वाट बघत बसले होते.

"काय साहेब, झालं लेझर?"

आता या ठिकाणी माणूस एक श्वास घेतो आणि खरं काय ते सांगतो. परचुऱ्यांनी श्वास घेतला.

"झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं आणि परचुऱ्यांना घर दिसलं. भिंती पांढऱ्या होत्या. खिडकीबाहेरचं आकाश इतकं निळं होतं की ते थोडे घाबरलेच. श्यामलाताईंनी दोरीवरचा शर्ट आणून समोर धरला. शर्ट दुधासारखा पांढरा होता.

"हा नवीन घेतलास?" परचुऱ्यांनी विचारलं.

"हा तोच. मशीन नवीन घेतलं होतं."

श्यामलाताईंना लेझरचं सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन त्यांना सांगितलंच होतं आणि बिलातूनही लेझर वगळलं होतं. पण नवरा हे कुठवर नेतो ते बघावं म्हणून त्या गप्प राहिल्या. आणि नवऱ्याने ते बरंच लांब नेलं.

कड्याने दोनदा धरल्यामुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग उठला होता. डॉक्टरांनी तो आपोआप जाईल असं सांगितलं होतं. परचुरे तो काळा चष्मा वर करून लोकांना दाखवायचे. "लेझरची खूण," म्हणायचे. जिन्यात भेटणाऱ्यांना, दूधवाल्याला, बागेतल्या बाकावरच्या मंडळींना, कोपऱ्यावर भाजी घेणाऱ्या बायकांना त्यांनी लेझर समजावून सांगितलं. एक निळसर किरण येतो, पातं नाही, चिमटा नाही, आपण नुसतं पडून राहायचं; आता कुणी शहाणा माणूस हात लावून घेणार नाही. सांगता सांगता त्यांना तो किरण खरोखरच दिसू लागला.

मन्सूरभाईंचा डोळाही झकास झाला होता. रोज संध्याकाळी ते शेजारून चालताना काहीतरी विचारायचे.

"आवाज येतो का हो लेझरला?"

"बारीक. व्हायोलिनची तार ताणावी तसा."

"आणि वास?"

परचुरे विचारात पडत. "किंचित. इस्त्री जरा जास्त तापली की येतो ना, तसा."

"अरेरे, माझं हे सगळं राहिलंच," मन्सूरभाई हळहळत.

असा महिना होत आला. एका सकाळी दोघं मित्र कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेले. तिथे तुळजाबाई बसायची. लोणी काळभोरहून पहाटे भाजी घेऊन निघायची, स्वारगेटला बस बदलून इथवर यायची. पेठेतल्या दोन पिढ्यांनी तिच्याकडून मेथी घेतली होती आणि दोन्ही पिढ्यांना ती महाग देते असं वाटत होतं. आज तिच्या कोपराला पट्टी होती.

"काय झालं, तुळजाबाई?" परचुऱ्यांनी विचारलं.

"काय न्हाई वो. स्वारगेटला उतरले न् ह्या अंगानं रिक्षा आली. ह्या डोळ्यानं दिसतंय कुठं? पडले. थोडक्यात वाचले म्हनायचं."

तिचा डावा डोळा परचुऱ्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिला. बाहुलीच्या जागी दुधी ठिपका होता. नवीन डोळ्याने तो त्यांना फारच स्पष्ट दिसला.

"अहो, मग करून का घेत नाही?"

"तारीक दिली हुती की धर्मादाय दवाखान्यात. फुकाट करनार हुते. गेलेच न्हाई."

"का?"

तुळजाबाईने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू हे तिने त्यांना सांगायची गरजच नव्हती. "हातानं करत्यात म्हनं तितं. तुमीच म्हनला न्हवं का, आता कुनी शाना मानूस हात लावून घेनार न्हाई म्हनून? हितंच हुबं ऱ्हाऊन सांगत हुता त्या बाईस्नी. मी म्हनलं काका शिकल्यालं हायती. जमल तवा लेझरचंच करू. तवर येका डोळ्यावर चालतंय."

परचुऱ्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. शेजारी मन्सूरभाई लिंबं निवडत होते. कोपऱ्यावर आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि त्यातल्या एका काकूंना परचुऱ्यांनी निळा किरण हाताने काढून दाखवला होता.

"तुळजाबाई," ते म्हणाले. "माझा डोळा हातानेच केलाय."

"आँ?"

"लेझर झालंच नाही. मी बोलत होतो म्हणून मशीन बसेना. डॉक्टरांनी हाताने केला. मला हे जे दिसतंय ना, ते हाताने केलेल्या डोळ्यानेच."

काकूंनी भेंडी चाचपायची थांबवली. मन्सूरभाई मात्र लिंबं निवडतच राहिले. एक चांगलंसं लिंबू बघून त्यांनी पिशवीत टाकलं.

"मन्सूरभाई, ऐकलंत ना?" परचुरे कसेबसे म्हणाले.

"मी त्याच दिवशी ऐकलं, साहेब. दारापलीकडेच बसलो होतो. 'किती वॅटचं आहे' हे ऐकू आलं. आता हे विचारणारा माणूस पुण्यात दुसरा कोण असणार?"

"मग महिनाभर मला आवाज कसा, वास कसा, हे विचारत का होतात?"

"बरं वाटायचं ऐकायला," मन्सूरभाई म्हणाले. "पण तो इस्त्रीचा वास तुम्ही इतका छान सांगितलात, की मला वाटलं आपणच चुकीचं ऐकलं असेल."

काकू फस्सकन हसल्या. तुळजाबाई हसली नाही. तिने पट्टीचा हात मांडीवर घेतला.

"मंग मला कशापायी भ्या घातलं?" ती म्हणाली. "तुमचं हसायचं झालं. मी पडले की वो."

आयुष्यभर त्यांनी लोकांना त्यांच्या मीटरवरचे आकडे दाखवून गप्प केलं होतं. आज त्यांच्याच नावावर आकडा निघाला होता, आणि त्यांना लाज वाटली. ते म्हणाले, "माझं चुकलं. पुन्हा तारीख मिळवू. मी स्वतः येतो तुमच्याबरोबर."

"दोघं येतो," मन्सूरभाई म्हणाले. "हे एकटे आले तर तिथल्या डॉक्टरांनाही वॅट विचारतील."

धर्मादाय दवाखान्यात नवीन तारीख मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू पिकून कडक झालाय, आणखी थांबणं बरं नव्हे. अशा डोळ्याला हाताचीच पद्धत चांगली; छेद थोडा मोठा घ्यायचा आणि गढूळ भिंग अख्खंच्या अख्खं बाहेर काढायचं. परचुऱ्यांनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, मन्सूरभाईंकडे पाहिलं आणि मिटलं. शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघं बाहेर बाकावर बसून राहिले. आतला डोळा आपला नसताना इतकी काळजी वाटावी, याचं परचुऱ्यांना नवल वाटत होतं. दर थोड्या वेळाने ते उठून दाराशी जायचे, आणि आतली नर्स त्यांना परत पाठवायची.

तुळजाबाईचा डोळा चांगला झाला. आठवडाभराने ती पुन्हा तपासून घ्यायला आली, तेव्हा डॉक्टरांनी समोरच्या भिंतीवरची चित्रं ओळखायला सांगितली. तिने ती ओळखली आणि वर म्हणाली, "त्यो घड्याळाखालचा रंग कुनी दिला? पार वघळ गेल्यात."

परचुऱ्यांचा डावा डोळा अजून बाकी होता. या वेळी डॉक्टर पूर्वांनी विचारलं, "काका, कसं करूया?"

"तुम्ही म्हणाल तसं."

श्यामलाताईंनी चमकून बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"तुमची हौस असेल तर लेझर करू," डॉक्टर हसून म्हणाल्या. "दिसण्यात फरक पडणार नाही, हे माझं आधीचंच म्हणणं. पण तोंड बंद ठेवायला जमेल?"

घरी सराव सुरू झाला. परचुरे पलंगावर उताणे पडायचे, श्यामलाताई शेजारी बसून मुद्दाम विषय काढायच्या. "विजेचं बिल या महिन्यात जास्त आलंय हं." "आमोद म्हणतो सोलर म्हणजे निव्वळ दिखावा." परचुऱ्यांच्या कपाळावरची शीर फुगायची, पण ओठ मिटलेले राहायचे. श्यामलाताईंना हा उपक्रम इतका आवडला की डॉक्टरांनी शस्त्रक्रिया चार दिवस पुढे ढकलली तेव्हा त्यांनी अजिबात तक्रार केली नाही.

या वेळी कडं बसलं, यंत्र गुणगुणलं, गुणगुण बदलली, आणि परचुरे दगडासारखे पडून राहिले. लेझरने आपलं काम केलं, उरलेलं डॉक्टरांनी केलं. वास कसलाही आला नाही.

डोळा बरा झाल्यावर दोघं मित्र नदीवरच्या झेड पुलावर गेले. परचुऱ्यांनी आधी उजवा डोळा झाकला आणि नदीपलीकडच्या पाट्या वाचल्या. मग डावा झाकला आणि त्याच पाट्या वाचल्या. मग पुन्हा उजवा. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघत होते.

"बोला," मन्सूरभाई म्हणाले. "कुठला जिंकला?"

खोटं बोलायला ही जागा उत्तम होती. कुणी तपासणार नव्हतं.

"काही फरक नाही," परचुरे म्हणाले. "शपथेवर सांगतो. इकडून तेच, तिकडून तेच. मला तर आता कुठला हाताचा आणि कुठला लेझरचा, तेही आठवून बघावं लागतंय."

"मग जेवायला कोण नेणार?"

यावर पुलावर उभं राहून बराच वाद झाला. शेवटी ठरलं की पैज अनिर्णित, आणि जेवायला आमोदने न्यावं, कारण हाताने करा हे त्याने पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं आणि अशा माणसाला काहीतरी शिक्षा व्हायला हवी.

तुळजाबाई आता कोपऱ्यावर पाठ ताठ ठेवून बसते. एका सकाळी परचुरे भेंडी घेत होते. एकेक भेंडी उचलून, तिचं टोक कट्‌कन मोडून, कोवळी असेल ती टोपलीत, नसेल ती हळूच ढिगाखाली, असं त्यांचं वर्षानुवर्षांचं चाललं होतं.

"काका," तुळजाबाई म्हणाली.

"काय?"

"त्या खाली सारल्याल्या बी वजनात घ्यायच्या बरं का."

परचुऱ्यांनी मोडक्या भेंड्या मुकाट्याने बाहेर काढल्या. निघाल्या त्या पाव किलोच्या पुढे होत्या.